थेल्मा हॅकिंगच्या मागची रांग

थेल्मा आंटी ट्रक थांबवायची. बढाई नाही, तिचं कामच होतं ते. आमच्या क्रॉशॉ गावात शाळेसमोरचा रस्ता उताराचा आहे, आणि वरच्या खाणीतून दगड भरलेले ट्रक त्यावरून असे येतात, जसे काही ब्रेक घरीच विसरून आलेत. सकाळी पावणेनऊला आणि दुपारी साडेतीनला थेल्मा आंटी पिवळाधमक कोट घालून, गोल पाटीची उंच काठी घेऊन रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहायची आणि आम्ही पोरं तिच्या पाठीमागून पलीकडे जायचो. अशा बाईला आमच्याकडे लॉलीपॉप बाई म्हणतात. तिची उंची पाच फूट, काठीची सहा. एखाद्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला की ती नुसती मान वळवून बघायची. हॉर्न बंद. शेवटचं पोर, ज्याच्या बुटाची नाडी कायम सुटलेली असते ते, फुटपाथवर चढेपर्यंत काठी खाली यायची नाही.

आणि हीच बाई दुकानात कुणी तिच्या पायावर पाय दिला तर आपणच "सॉरी, राणी" म्हणायची. बसमध्ये कुणाची पिशवी लागली, सॉरी. वाळत घातलेल्या कपड्यांवर पाऊस आला, तर आमच्या आईला भिंतीवरून सॉरी, जसा काही तिनंच पाठवला होता. एकदा बुटांच्या दुकानात जाहिरातीचा पुठ्ठ्याचा माणूस उभा होता. त्याला धक्का लागला, तर त्यालाही म्हणाली. मी शेजारीच होते. तो काही बोलला नाही म्हणून तिला जरा वाईटही वाटलं.

ती आमची शेजारीण, भिंतीला भिंत. नात्यानं कुणी नाही, पण आमच्या गल्लीत ज्या बाईनं तुम्हाला लंगोटात पाहिलंय ती आंटी. नवरा वॉल्टर २००३ साली गेला. कापडगिरणीत होता, मग गिरणी गेली, मग फुप्फुसं गेली, मग तो. त्याला तिनं हॅम घालून पुरला. आमच्याकडे माणसाला नीट पोचवला की नाही हे त्यावरून ठरतं: दफनानंतरच्या चहाला उकडलेलं हॅम, म्हणजे डुकराचं मांस, होतं की नुसती चीजची सँडविचं. थेल्मा आंटीकडे हॅम होतं, बैलाची जीभ होती, दोन प्रकारचे केक होते, आणि दारात काळ्या लांब गाड्या दोन. गल्ली वर्षभर म्हणत होती, "काय थाटात पोचवला हो वॉल्टरला!" पैसे कुठून आले हे कुणी विचारलं नाही. तसं विचारत नाहीत.

ते आम्हाला कळलं २००७ च्या फेब्रुवारीत. सकाळी ती मागच्या दारानं आली.

"सॉरी, डेनीस," ती आईला म्हणाली, "तुमचा फोन जरा वापरू का? आमचा बिघडलाय. दहा पेनी ठेवते हो इथं बशीत."

फोन बिघडला नव्हता, कापला होता. पण ते नंतर.

आमच्याकडच्या बायांना दोन आवाज असतात. एक घरचा आणि एक टेलिफोनचा. टेलिफोनचा आवाज डॉक्टर, बँक आणि कौन्सिल यांच्यासाठी राखून ठेवलेला असतो, चांगल्या कपबशांसारखा. माझ्या आईचा टेलिफोनचा आवाज म्हणजे इस्त्री केलेला. थेल्मा आंटीचा म्हणजे इस्त्री करून, खळ घालून, वर टोपी ठेवलेला. मी जिन्यावर बसले होते. मला आवाज जमतात. कुणीही बोललं की माझा जबडा आपोआप त्याच्यासारखा हलायला लागतो. तेव्हा मी कान टवकारले आणि ऐकलं.

"नमस्कार. मी श्रीमती थेल्मा हॅकिंग बोलते आहे. आपणांस तसदी देते आहे, त्याबद्दल क्षमा असावी. माझ्या खात्यात चार पौंडांची किंचित तूट आली होती असं दिसतं. हो. चार. आणि त्याबद्दल आपण पस्तीस पौंड दंड घेतलात. हो, आपलं बरोबरच असणार. क्षमा असावी. परंतु त्या पस्तिसांमुळे टेलिफोनचं बिल न भरता परत गेलं, आणि त्याबद्दल पुन्हा पस्तीस. नाही नाही, आपली चूक नाही! माझीच. क्षमा असावी. मी केवळ विचारत होते की... हो. थांबते. क्षमा असावी."

मग ती संगीत ऐकत थांबली. मधे मधे कुणीतरी येऊन अजून थांबायला सांगायचं, आणि दर वेळी हिची पुन्हा क्षमा असावी. मग फोन कट झाला. आणि कट झालेल्या फोनलाही ती म्हणाली, "आपली अत्यंत आभारी आहे."

आई भांडी घासायची थांबली होती. तिनं हात पुसले.

"थेल्मा, बँकेची पत्रं कुठायत?"

"कसली पत्रं?"

"थेल्मा."

पत्रं नाताळच्या सजावटीच्या खोक्यात होती. जानेवारी ते डिसेंबर त्या खोक्याला कुणी हात लावत नाही, म्हणून तिनं ती जागा निवडली होती. चमचमत्या माळा, काचेचे गोळे, एक पंख तुटलेली परी आणि खाली चार वर्षांची पाकिटं, एकही न उघडलेलं. आई आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून एकेक फोडत गेली आणि थेल्मा आंटी समोर कोट घालूनच बसली, डॉक्टरकडे बसतात तशी. पाकिटांतून चमकी पडत होती. आईच्या चहातही पडली.

निघालं ते असं. वॉल्टरच्या हॅमसाठी आणि गाड्यांसाठी तिनं बँकेतून तीन हजारांचं कर्ज काढलं होतं. त्यावर बँकेनं सातशेचा विमा चढवला होता, आणि त्या विम्यावरही व्याज. विमा कशाचा, तर थेल्मा आंटीची नोकरी सुटली तर हप्ते बँक भरणार. छान. पण मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत होतं: आठवड्याला सोळा तासांपेक्षा कमी काम करणाऱ्याला हा विमा लागू नाही. लॉलीपॉप बाई आठवड्याला दहा तास काम करते. म्हणजे तिला ट्रकनं उडवलं असतं तरी एक पेनी मिळाली नसती. वर ते दंड, पस्तीस, पस्तीस, पस्तीस, एकाला दुसरा चिकटलेला.

"पण सही का केलीस?" आईनं विचारलं.

"केली," थेल्मा आंटी म्हणाली, आणि मानेपासून कानापर्यंत लाल झाली. "सॉरी."

"हेझलनं सांगितलं नाही तुला?"

हेझल पिकप बँकेच्या आमच्या शाखेत बसते. तीच चर्चमध्ये रविवारी प्रार्थनेनंतर चहा ओतते. तिची दोन्ही मुलं थेल्मा आंटीनं रस्ता पार करवून मोठी केलेली.

"हेझल चांगली मुलगी आहे," थेल्मा आंटी म्हणाली. आणि मग एकदम, घरच्या आवाजात, "डेनीस, कुणाला सांगू नको गं. हात जोडते. वॉल्टरचं हॅम उधारीचं होतं असं म्हणतील."

आमच्या गल्लीत डोक्यात उवा झाल्या तर लोक कंगवा आणून देतात. कर्ज झालं तर पडदे बंद करतात.

त्या वर्षी निम्मा देश बँकांकडून असे पैसे परत मागत होता. आई वाचनालयात कामाला. तिथल्या कॉम्प्युटरवरून लोक पत्राचा मसुदा छापून नेत. आईनंही एक छापला. कडक होता. 'हे दंड अन्यायकारक आहेत, विमा मला लागू नसताना विकला, चौदा दिवसांत पैसे परत करा, अन्यथा दावा लावीन.' खाली थेल्मा आंटीनं सही केली, आणि पोस्टात टाकण्याआधी, आईला न सांगता, पेननं एक ओळ वाढवली: 'तसदीबद्दल सॉरी. घाई नाही.'

बँकेनं ते अक्षरशः घेतलं. सात आठवडे उत्तर नाही.

ती ओळ आईला कळली तेव्हा आई दोन मिनिटं बागेत जाऊन उभी राहिली. परत येऊन म्हणाली, "आता कोर्ट." थेल्मा आंटी पांढरी पडली. आईनं समजावलं, हे छोट्या दाव्यांचं कोर्ट, वकील लागत नाही, टोप घातलेले न्यायाधीश नसतात, फॉर्म भरायचा, फी भरायची, आणि बहुतेक बँका तारखेच्या आधीच पैसे देऊन मोकळ्या होतात. फॉर्मवर विमा कुणी विकला ते लिहायचं होतं. थेल्मा आंटीनं लिहिलं, 'बँकेतली एक चांगली मुलगी.' आईनं तो फाडून दुसरा आणला.

आणि खरंच, तारखेच्या पाच दिवस आधी पत्र आलं. निम्मे पैसे देतो. चूक कबूल नाही. आणि याबद्दल कुठं बोलायचं नाही.

"निम्मे!" आई म्हणाली. "वर तोंड बंद ठेवायचं!"

पण थेल्मा आंटीचा चेहरा असा उजळला, जसं काही तिला लॉटरी लागली. "कुठं बोलायचं नाही," ती पुन्हा पुन्हा वाचत होती. "बघ ना डेनीस, त्यांनीच लिहिलंय. म्हणजे तेही कुणाला सांगणार नाहीत." तिला पैशाचं काही नव्हतं. न बोलण्यासाठी तिनं उरलेले निम्मे आनंदानं दिले असते. सोमवारी सही करून पाठवते म्हणाली.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्या शुक्रवारी शाळेत, जेवणाच्या सुट्टीत, बटाट्याची भजी संपली होती आणि रांग कंटाळली होती. कुणीतरी म्हणालं, "कर्स्टी, कुणाचा तरी आवाज काढ." मी हेडमास्तरांचा काढला. मग गणिताच्या बाईंचा. मग अजून पाहिजे म्हणाले. मग मी केळं कानाला लावलं आणि म्हणाले, "नमस्कार. मी श्रीमती थेल्मा हॅकिंग बोलते आहे."

सगळं केलं. तसदी, चार पौंड, पस्तीस पौंड, किंचित तूट, आणि शेवटी कट झालेल्या फोनला 'अत्यंत आभारी आहे'. लोक बाकांवर पडले हसून. एकाच्या नाकातून दूध आलं. इतकं चांगलं मी कधीच काही केलं नव्हतं. दुसऱ्यांदा करायला लावलं, तेव्हा मी नाताळचं खोकंही घातलं.

साडेतीनला आम्ही रस्ता पार करत होतो. थेल्मा आंटी मधोमध, काठी उभी, दगडांचा ट्रक थांबलेला. सातवीतली पोरं पुढे होती. त्यातला एक तिच्या पाठीमागून जाताना नाकातून म्हणाला, "क्षमा असावी! माझ्या खात्यात चार पौंडांची किंचित तूट आहे!" दुसरा म्हणाला, "पस्तीस पौंड दंड! आपली अत्यंत आभारी आहे!" मग सगळेच. आवाज तिचा होता. म्हणजे माझा होता.

ती वळली नाही. तिची मान मागून दिसत होती, कोटाच्या पिवळ्या कॉलरवर, ती लाल झाली. ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून वाकून बघत होता, काय चाललंय म्हणून. मला वाटलं ती काठी टाकून जाईल. पण नाडी सुटलेलं पोर अजून मध्येच होतं. ते फुटपाथवर चढलं. मग काठी खाली आली.

मी पार केलाच नाही रस्ता. वरच्या पुलावरून, पाऊण तास चालून घरी गेले.

घरी आईला आधीच कळलं होतं. ती ओरडली नाही. "जा," म्हणाली, "शेजारी जा. मी येणार नाही सोबत."

थेल्मा आंटीनं दार उघडलं. कोट अंगावरच होता. मी सॉरी म्हटलं. तिच्या दारात तो शब्द अगदी स्वस्त वाटला, तिथं त्याचे ढीग पडलेले असतात.

"ये आत," ती म्हणाली. चहा केला. बिस्किटं ठेवली, चांगली, चॉकलेटची. ते सगळ्यांत वाईट होतं. मग समोर बसली आणि म्हणाली, "कर."

"काय?"

"माझी नक्कल. सगळ्या शाळेनं बघितली म्हणे. मीच राहिले."

"नको ना, आंटी."

"कर गं. केळं नाहीये माझ्याकडे. बिस्कीट घे."

मी केली. आधी पुटपुटत केली, तर ती म्हणाली, "अशी केली असतीस तर कुणी हसलं नसतं. नीट कर." मग मी नीट केली. चॉकलेट बोटांना लागत होतं. तिच्याच खोलीत, वॉल्टरच्या फोटोखाली, तिच्याच तोंडावर तिचा आवाज. ती हसली नाही, रडली नाही. बोटांवर काहीतरी मोजत होती.

"अशी बोलते मी?"

"हो."

"क्षमा असावी, क्षमा असावी. तू वाढवलीस ना थोडी?"

"नाही," मी म्हटलं. खरंच वाढवली नव्हती. मला वाढवावं लागत नाही.

"अकरा वेळा," ती म्हणाली. "पस्तीस पौंड त्यांनी घेतले, आणि अकरा वेळा मीच." मग उठली आणि कपाटातून ते पत्र काढलं, निम्म्या पैशांचं, कुठं न बोलण्याचं. "आता याचं काय करू? कुठं बोलू नका म्हणे. आता सातवीतल्या पोरांनाही माहिती आहे." पत्र तिनं टराटरा फाडलं नाही. तिला तसं जमत नाही. तिनं ते नीट घडी घालून पाकिटात ठेवलं आणि पाकीट परीच्या खोक्यात टाकलं.

"मंगळवारी शाळा बुडवायची आणि माझ्याबरोबर बर्न्लीला यायचं," ती मला म्हणाली. "तोंड उघडायचं नाही. नुसतं मोजायचं."

"काय मोजायचं?"

"सॉरी."

बर्न्लीचं कोर्ट म्हणजे कार्पेट घातलेलं एक ऑफिस निघालं. थेल्मा आंटीनं दफनाचा काळा कोट घातला होता, टोपी घातली होती, आणि टोप घातलेला न्यायाधीश नाही म्हणून ती थोडी हिरमुसली. एक लांब टेबल. टोकाला जज्ज बाई, सर्दी झालेल्या, तोंडात खोकल्याची गोळी. एका बाजूला बँकेनं मँचेस्टरहून पाठवलेला तरुण वकील, श्री. फेअरक्लफ, ज्याचा टाय त्याच्यापेक्षा महाग वाटत होता. दुसऱ्या बाजूला थेल्मा आंटी, आई, मी. आत शिरताना थेल्मा आंटीची पर्स दाराला लागली. "सॉरी," ती दाराला म्हणाली. मी एक बोट दुमडलं.

सुरुवात टेलिफोनच्या आवाजात झाली. जज्ज बाईंनी विचारलं, दंडाबद्दल काय म्हणणं आहे? "आपणांस तसदी देण्याचा माझा हेतू नव्हता." विमा का परत मागता? "बँकेच्या सेवेबद्दल माझी तशी काही तक्रार नाही, क्षमा असावी, परंतु..." दुसरं बोट. तिसरं. चौथं. आई खुर्चीत घट्ट होत चालली होती. श्री. फेअरक्लफ खुशीत लिहून घेत होते.

"श्रीमती हॅकिंग," ते गोड आवाजात म्हणाले, "करारावरची सही आपलीच ना?"

"होय."

"विमा ऐच्छिक आहे असं सहीच्या वरच छापलंय. आपण वाचलंत?"

"नाही. क्षमा असावी."

"वाचायला कुणी अडवलं होतं?"

आईनं विचारला होता तोच प्रश्न, आणि तशीच ती लाल होत चालली होती, कोटाच्या कॉलरपासून वर.

"वेळ घ्या," जज्ज बाई म्हणाल्या. "पण उत्तर मलाही हवं आहे. का नाही वाचलंत?"

थेल्मा आंटीनं टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. बोलली ती घरच्या आवाजात. तिथं, त्या कार्पेटवर, अगदी आमच्या मागच्या दाराचा आवाज.

"माझ्या मागं सात माणसं उभी होती."

"म्हणजे?"

"शुक्रवार होता. दुपारचा. वॉल्टरला जाऊन तीन दिवस झालेले. दुसरी मुलगी जेवायला गेलेली, हेझल एकटीच. कर्जाचंही तीच बघत होती आणि खिडकीही तीच. मी आत बसले की रांग थांबली. हेझल म्हणाली, इथं सही, इथं सही, आणि हे विम्याचं, सगळे घेतात. मी चष्मा काढायला लागले. तर मागं कुणीतरी खोकलं. एकाचं कुत्रं बाहेर बांधलेलं, ते भुंकत होतं. मला वाटलं, आपलं मेलं दुःख घेऊन आपण सगळ्यांची जेवणाची सुट्टी खातोय. म्हणून केली सही." ती थांबली. "चष्मा काढलाच नाही मी. एवढंच. एवढंच आहे ते. लाज वाटते सांगायला."

श्री. फेअरक्लफ हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "मागे रांग होती म्हणून आपण पाच वर्षांचा करार केलात?"

"होय," थेल्मा आंटी म्हणाली. "तुम्ही नसता केला?"

जज्ज बाईंनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "श्री. फेअरक्लफ, मी मागच्या महिन्यात एक इस्त्री विकत घेतली," त्या म्हणाल्या. "मला इस्त्री नको होती." आणि मग कागद उलटवत, "मूळ अर्ज आहे आपल्याकडे? हं. यावर बँकेच्या कर्मचाऱ्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: 'व्यवसाय लॉलीपॉप बाई, आठवड्याला दहा तास.' आणि विमा सोळा तासांच्या वरच्यांना. म्हणजे सही वाचून केली की न वाचता, हा प्रश्न राहतोच कुठे? बँकेला माहीत होतं."

श्री. फेअरक्लफ त्या कागदाकडे असे बघत राहिले, जसं तो त्यांच्या बॅगेत दुसऱ्याच कुणीतरी ठेवला होता. दंडांसाठी प्रत्यक्षात किती खर्च येतो असं जज्ज बाईंनी विचारलं, तर ती माहिती त्यांना बँकेनं दिली नव्हती. वीस मिनिटांत संपलं. विम्याचे सगळे पैसे, व्याजासह. दंड सगळे. कोर्टाची फीसुद्धा.

बाहेर आल्यावर आईनं तिला मिठी मारली. थेल्मा आंटी बसस्टॉपच्या खांबाला धरून उभी होती.

"किती?" तिनं मला विचारलं.

"सहा. एक दाराला."

"हं," ती म्हणाली. जिंकल्यासारखी मुळीच दिसत नव्हती. भर बाजारात स्कर्ट घसरल्यावर बाईचा चेहरा व्हावा, तसा झाला होता. "आता तो अर्ज हेझलच्या अक्षरातला, हे सगळीकडे होणार," ती म्हणाली. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली.

चेक दोन आठवड्यांनी आला. आई म्हणाली, मी भरते. थेल्मा आंटी म्हणाली नको. रविवारी ती चर्चला गेली नव्हती, सलग दोन रविवार. हेझलच्या हातचा चहा घ्यावा लागला असता. शुक्रवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तिनं माझ्या वर्गाच्या खिडकीवर टकटक केलं. "चल," म्हणाली. "मोजायला."

शाखेत हेझल पिकप एकटीच खिडकीवर होती. अर्थात. दुसरी जेवायला गेलेली. आमचा नंबर येईपर्यंत मागे रांग लागली होती. पेन्शनवाले, एक बाबागाडी, खाणीचा एक ड्रायव्हर हातात सँडविच घेऊन. थेल्मा आंटीनं चेक काचेखालून सरकवला. हेझलनं पाहिला. आधी रक्कम, मग नाव, मग वर.

"थेल्मा," ती अगदी हळू म्हणाली. तीही लाल होत होती; आमच्याकडच्या बायका सगळ्या एकाच रंगात लाल होतात. "आम्हाला दिवसाला तीन विमे विकायचे असत. नाही विकले की मँचेस्टरहून फोन. मला माहीत होतं तुझे तास किती ते. मीच लिहिले. मला वाटलं, कुणी बघतंय कुठं." ती काचेजवळ वाकली. "सॉरी, थेल्मा."

आता आमच्याकडे यावर एकच उत्तर आहे. 'असू दे गं राणी, काही नाही एवढं.' ते प्रत्येकाच्या जिभेवर तयार असतं, श्वासासारखं. मी वाट बघत होते. हेझल वाट बघत होती. मागची रांगसुद्धा बहुतेक वाट बघत होती.

थेल्मा आंटीनं तोंड उघडलं, आणि मिटलं. कुणीतरी मागे खोकलं. बाबागाडीतलं पोर कुरकुरायला लागलं.

"पावती दे," थेल्मा आंटी म्हणाली.

हेझलनं छापली. यंत्र जुनं, हळू. घर्र, घर्र. खाणीच्या ड्रायव्हरनं घड्याळ बघितलं. थेल्मा आंटीनं पर्स उघडली, चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर ठेवला, आणि पावती वाचायला लागली. वरपासून. तारीख. शाखा. नाव. मागच्या पानावर मुंगीएवढी अक्षरं होती, तीही वाचली, ओठ हलवत. मला जमिनीनं गिळावं असं वाटत होतं. मी माझ्या बुटांकडे बघत होते. तिची मान कॉलरपर्यंत लाल होती, ट्रकसमोर होती तशीच. ती वाचत राहिली. शेवटची ओळ झाली. तिनं पावती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि चष्मा काढला.

"रविवारी येईन मी," ती हेझलला म्हणाली. "चहा कडक कर. पाणचट करतेस तू."

आणि वळली. एकाही माणसाकडे न बघता त्या रांगेच्या कडेनं चालत गेली, आणि तिनं कुणाला काही म्हटलं नाही. दार उघडलं, बाहेर पडली, आणि पोस्टाच्या पेटीपर्यंत गेली. दोन्ही हातांनी पेटी धरून ती उभी राहिली.

"किती?" तिनं विचारलं.

"एकही नाही," मी म्हटलं.

"ते नाही गं. मागं किती माणसं होती?"

"बारा."

"बारा!" तिनं डोळे मिटले. "अगं आई गं. बारा माणसं. जेवणाच्या सुट्टीत."